दोन पुस्तकं देणारे लिंबाजी वकील

कुंभार पिंपळगावात मी पहिल्यांदा एक पुस्तक मागितलं, तेव्हा मला दोन मिळाली. दोन्हींना खाकी कागदाचं कव्हर. वर ना पुस्तकाचं नाव, ना लिहिणाऱ्याचं.

"ह्याच्यात जे लिहिलंय, त्याच्या बिलकुल उलटं त्याच्यात लिहिलंय," बाजेवर बसलेले गृहस्थ म्हणाले. "एकच न्यायचं असलं तर नका नेऊ. दोन्ही न्या, न्हाई तर दोन्ही ठेवा."

"पण ही आहेत कोणाची?"

"ते वाचून झाल्यावर सांगतो. नाव वाचलं की माणूस आधीच ठरवून बसतो, ह्याचं पटवून घ्यायचं का न्हाई."

जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि मी गावातल्या हायस्कूलला मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. माझं माहेर मंठ्याचं. संध्याकाळी शाळा सुटली की खोलीवर करण्यासारखं काही नसायचं. बाजाराच्या गल्लीत एक वकील फुकट पुस्तकं देतात, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं म्हणून मी गेले होते. ते लिंबाजी वकील.

वकिली त्यांनी कधीच सोडली होती. का सोडली, याच्या गावात निरनिराळ्या कथा होत्या आणि ते स्वतः त्यातली कुठलीच खोडून काढत नसत. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, हैदराबादेत कायद्याची परीक्षा दिलेले, घरची चांगली जमीन. उंच, किडकिडीत. धोतरावर काळा कोट, आणि त्या कोटाचा रंग उडून तो वांग्याच्या सालीसारखा दिसायला लागलेला. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाला त्यांची एक खोली होती. पूर्वी तिथे सरकीची पोती ठेवायचे. आता भिंतीला फळ्या ठोकून त्यावर पुस्तकं रचलेली, आणि गाव त्या खोलीला वाचनघर म्हणायचं. बाजाराच्या दिवशी ते बाज बाहेर काढत आणि भाजीवाल्यांच्या रांगेत आपलीही खाकी पुस्तकं मांडून बसत. एखादी म्हातारी वाकून विचारायची, "हे कशाचंय हो?" ते गंभीरपणे सांगायचे, "माणसावर मालकी कोणाची, ह्याचं हाय." म्हातारी पुढे मेथीकडे जायची.

खरंच, त्या खोलीतली जवळजवळ सगळी पुस्तकं त्याच एका प्रश्नाची होती. राज्याने माणसाच्या आयुष्यात कुठवर यावं आणि कुठे थांबावं. बाजारातला भाव कोण ठरवतं. बहुमताने एखाद्याचं तोंड बंद करता येतं का. कुणी परदेशातल्या तुरुंगात बसून लिहिलेलं, कुणी विद्यापीठात बसून. इंग्रजी जास्त, थोडी उर्दू, काही मराठी अनुवाद. आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याला विरोध करणारं एक. ही जोडी ते मोडू द्यायचे नाहीत.

"तुमचं स्वतःचं मत कुठल्या बाजूचं?" मी एकदा विचारलं.

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून तर दुसरं पुस्तक देतो. माझं ऐकून तुम्ही माझ्यासारख्या झाल्या, तर मला काय मिळालं? एक लिंबाजी आहेच की इथं."

कोण काय घेऊन गेलं, याची ते कुठेही नोंद ठेवत नसत. पुस्तकं परत यायची नाहीत तेव्हा गयाबाईकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, करवादायच्या. ते म्हणायचे, "परत न्हाई आलं म्हंजे कुठंतरी वाचून राह्यलेत." काकू म्हणायच्या, "वाचून न्हाई राह्यले. पापडाच्या डब्यावर वजन ठेवून राह्यलेत. मी बघून आले." मग दोघंही हसायची.

त्यांच्या बोलण्यात आज्ञा नसायची. हे कळायला मला बरेच दिवस लागले, कारण नसलेली गोष्ट लवकर ध्यानात येत नाही. 'वाचाच' असं नाही, 'बसा' असंसुद्धा नाही. "बसायचं का?" म्हणायचे. आणि वाक्याच्या शेवटी बहुतेकदा, "मर्जी तुमची." त्यांच्या तोंडी हा शब्द तुसडेपणाचा नव्हता. समोरच्याकडे मर्जी नावाची काही वस्तू आहे, याचा त्यांना खरोखर आदर वाटायचा. सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. तो वर्ष पुरं होण्याआधी काम सोडून जाऊ शकत नाही, अशी आमच्याकडची रीत. वकिलांनी आपल्या किसनला सांगून टाकलं होतं, "मन न्हाई लागलं तर उद्या जा. हिशोब जिथल्या तिथं करू." सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. बाकीच्यांचे गडी वर्षाआड बदलत राहिले, किसन म्हातारा होईपर्यंत तिथेच होता.

त्या काळात आपल्या राज्यात कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावरच घालावा लागायचा. राज्याबाहेर नेणं गुन्हा होता. शेतकऱ्यांच्या गाड्या केंद्रापुढे रांग लावून उभ्या राहायच्या आणि माणसं गाडीखालीच झोपायची. रात्री-अपरात्री चोरून कापूस बाहेर नेणारेही होते. वकिलांनी वेगळंच केलं. त्यांनी तहसीलला आधी कळवलं, की अमुक दिवशी मी माझा कापूस ट्रकमध्ये भरून शेजारच्या राज्यात विकायला नेणार आहे, रस्ता परतूर-मंठ्याचा आहे.

त्या दिवशी मी मंठ्याला माहेरी निघाले होते. बस आलीच नाही. रस्त्याच्या कडेला उभी होते, तर वकिलांचा ट्रक थांबला. "मंठ्यापर्यंत सोडू शकतो," ते केबिनमधून म्हणाले. "पण मधी अटक होण्याची शक्यता आहे. मर्जी तुमची."

मी चढले. ड्रायव्हर घाबरला होता आणि सारखा आरशात बघत होता. वकील मात्र बाहेरची ज्वारी बघत, कोणाची कशी आली आहे ते सांगत होते. मंठा दिसायला लागलं तशी रस्त्यात आडवी लावलेली जीप दिसली. एक तरुण अधिकारी उतरून पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"वकीलसाहेब, तुम्ही कळवलं नसतं तर आम्हाला पत्ताबी लागला नसता. कशाला कळवलं?"

"चोरी करायची असती तर न्हाई कळवलं असतं."

"अहो, पण मला आता पकडावं लागंल ना."

"पकडा ना. मी कुठं पळून राह्यलो? फक्त एक सांगा. कापूस कोणाचा?"

"तुमचाच की."

"मंग विकायची मर्जी कोणाची?"

अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्याबरोबरचे शिपाई तोंड फिरवून उभे होते. "साहेब, मी नोकर माणूस," तो हळू आवाजात म्हणाला.

वकिलांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते खाली उतरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई. तुम्ही तुमचं काम बराबर करून राह्यलात. ह्या बाई फक्त लिफ्ट घेऊन आल्यात, त्यांचं नाव ह्याच्यात घालू नका." मग केबिनमधल्या पिशवीतून त्यांनी दोन खाकी पुस्तकं काढली आणि त्याच्या हातात दिली. "सवड झाली तर बघा. न्हाई पटलं तर मधीच सोडा."

तो कापूस जप्त होऊन उघड्यावर पडून राहिला, अवकाळी पावसात भिजला आणि मातीमोल झाला. कोर्टात दंड झाला. काकूंनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "निदान गाद्या तरी भरल्या असत्या." गावातले काही जण म्हणाले, माणूस बावळट आहे, आणि काही जण म्हणाले, माणूस वाघ आहे. वकील म्हणाले, "मी शेतकरी आहे. माल माझा आहे हे मोठ्याने सांगून बघितलं, कसं वाटतंय ते." काही महिन्यांनी मंठ्याच्या बसच्या कंडक्टरबरोबर एक खाकी पुस्तक परत आलं. सरकारची बाजू मांडणारं होतं ते. दुसरं त्या अधिकाऱ्याने ठेवून घेतलं होतं. वकील दिवसभर खुशीत होते.

पण ते नुसते कापसाच्या बाबतीतच असे असते, तर मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले नसते.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला खरात सर आले. हुशार, कमी बोलणारे, नव्यानेच लग्न झालेले. बौद्ध. गावात त्यांना खोली मिळेना. ज्या घरी 'खोली रिकामी' म्हणून सकाळी सांगितलेलं असायचं, तिथे त्यांचं आडनाव कळलं की 'कालच दिली हो' व्हायचं. वकिलांच्या कानावर गेलं तसे ते शाळेत आले आणि आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या सरांना देऊन मोकळे झाले.

दुसऱ्याच दिवशी गावातली चार वजनदार माणसं वाचनघरात येऊन बसली. मी पुस्तक बदलायला गेले होते, ती तिथेच अडकले.

"वकीलसाहेब, तुम्ही मोठे माणूस. पण गावाचा विचार घ्यायचा होता जरा."

"घर कोणाचं आहे?"

"तुमचंच."

"मंग गावाचा विचार कशापायी?"

"राहायचं तर सगळ्यायलाच इथं आहे ना."

"राहू की. मी तुमच्या घरात कोण राहावं ते सांगायला आल्तो का कधी?"

ती मंडळी उठून गेली. पुढे कित्येक महिने वकिलांच्या घरच्या हळदी-कुंकवाला बायका आल्या नाहीत. काकूंना ते लागलं. पण त्यांनी खरातांच्या बायकोला भाकरीचं पीठ मळताना कधी परकं केलं नाही.

मला वाटलं, गोष्ट इथे छान संपली. खरात सरांना तसं वाटत नव्हतं. ते वाचनघरात येऊन दोन्ही बाजूंची पुस्तकं नेत होते, वाचत होते, आणि एका बाजाराच्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं.

"साहेब, रागावू नका. तुम्ही मला खोली दिली, ती तुमची मर्जी. बराबर?"

"बराबर."

"बाकीच्यांनी न्हाई दिली. ती त्यांची मर्जी."

वकिलांनी चहा बशीत ओतला.

"मंग ह्या सगळ्या पुस्तकांत माझ्यासाठी काय आहे? गावात एखादा लिंबाजी वकील असला तर छप्पर, न्हाई तर झाड? घरमालकाच्या मर्जीवर एवढी पानं लिहिलीत. माझ्या मर्जीचं काय?"

वकिलांच्या हातात चहाची बशी होती. तिच्यातला चहा निवला. शेजारचा कांदेवालासुद्धा वजन करायचा थांबला.

"मला ह्याचं उत्तर येत न्हाई," ते शेवटी म्हणाले. आणि जरा वेळाने, "हा सवाल ज्याच्यात विचारलाय असं पुस्तक तुमच्याकडं आहे का?"

"आहे. माझ्या वडिलांचं आहे."

"मला मिळंल?"

खरात सरांनी सुट्टीत गावाकडून ते आणलं. हाताळून हाताळून मऊ पडलेलं, कडा झिजलेल्या. मी खाकी कागद पुढे केला, तशी वकिलांनी मान हलवली. "ह्याला न्हाई." पुढच्या बाजाराच्या दिवशी ते भर गल्लीत बाजेवर बसले आणि मुखपृष्ठ येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं धरून ते पुस्तक वाचत राहिले. ज्या चार जणांनी येऊन समज दिली होती, तेही त्या दिवशी बाजाराला आले होते.

पुस्तक परत करताना ते सरांना म्हणाले, "निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी भांडू." ते भांडण मग वर्षानुवर्षं चाललं. कायद्याने सक्ती करावी असं खरात सर म्हणायचे, सक्तीनं माणूस बदलत नाही असं वकील म्हणायचे, आणि दोघंही दमले की काकू चहा पाठवायच्या. वकिलांनी आपलं मत सोडलं असं नाही. पण पुढे दवाखान्यात एक बौद्ध नर्स आली आणि तिलाही जागा मिळेना, तेव्हा ते आपल्या घरापुरते थांबले नाहीत. काळा कोट घालून दारोदार गेले. प्रत्येक घरमालकाला म्हणाले, "न्हाई द्यायची तर नका देऊ. पण का न्हाई, ते माझ्या तोंडावर सांगा. मी उभा आहे." उभेच राहायचे. चौथ्या की पाचव्या घरी एका माणसाला ते कारण तोंडातून काढता येईना. त्याने खोली उघडून दिली.

माझ्या बाबतीत त्यांनी काय केलं, हे सांगायचं तर त्यांनी काहीच केलं नाही, आणि त्याबद्दलच मी जन्मभर त्यांची आभारी आहे.

नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. वडिलांनी जालन्याचं एक स्थळ आणलं. घर चांगलं, मुलगा चांगला, एकच अट, नोकरी सोडायची. वडिलांनी मला न विचारता होकार कळवला. मी रडत वाचनघरात गेले. तिथे दुसरं कोणी नव्हतं. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्ही सांगाल ते मी करीन."

माझी खात्री होती, ते म्हणणार, नाही म्हणा. तेवढं एक वाक्य ऐकायलाच मी गेले होते.

ते फळीवरची पुस्तकं सारखी करायला लागले. मग म्हणाले, "मी न्हाई सांगणार."

"का?"

"मी सांगितलं अन् तुम्ही केलं, तर तुम्ही एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडं गेल्या. ह्याच्यापलीकडं काय झालं?"

मला राग आला. इतका, की मी तिथून उठलेच. दाराशी पोचले तर मागून त्यांचा आवाज आला, "पुस्तकं न्यायची का?" मी न वळता हात मागे केला. त्यांनी दोन खाकी पुस्तकं हातावर ठेवली.

एक होतं घर सोडून शिकलेल्या बाईचं आत्मचरित्र. दुसरंही एका बाईचंच होतं. तिने संसार आपल्या खुशीने निवडला होता, आणि ती त्यात मनापासून सुखी होती. पहिलं पुस्तक वाचताना मी पेटून उठले. दुसरं वाचताना विझले. आणि ते संपवून ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की या दोघींपैकी कोणीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही केलेलं नाही. मला शिकवायला आवडत होतं. फळ्यावर कवितेची पहिली ओळ लिहून मागे वळलं की पोरींचे जे चेहरे दिसायचे, ते मला सोडायचे नव्हते. बस एवढंच. त्यासाठी कुठल्याच पुस्तकाची गरज नव्हती, पण तिथवर पोचायला ती दोन्ही लागली.

मी मंठ्याला जाऊन वडिलांना नाही म्हणाले. माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं संपूर्ण माझं वाक्य असावं. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे घनसावंगीच्या एका शिक्षकाशी मी लग्न केलं, नोकरी तशीच राहिली, वडीलही निवळले. पण ते वर्ष कठीण गेलं. त्या वर्षात वकिलांनी मला एकदाही 'शाब्बास' म्हटलं नाही. मी काय ठरवलं तेसुद्धा विचारलं नाही. फक्त काकू दर बाजाराच्या दिवशी आग्रहाने जेवायला ठेवून घ्यायच्या, आणि ते पानावर बसून म्हणायचे, "ठेचा घ्यायचा का? तिखट आहे. मर्जी तुमची."

आता दिनकरचं सांगते. दिनकर त्यांचा एकुलता एक मुलगा. जालन्याला बी.ए. झाला. वकिलांना वाटत होतं, हा कायदा शिकेल, ही पुस्तकं पुढे नेईल. वकील देव मानत नव्हते. मानणाऱ्याला त्यांनी कधी टोचलं नाही, पण स्वतः देवळाची पायरी चढले नाहीत. आणि दिनकर एके दिवशी आळंदीला निघून गेला. परत आला तो गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, हातात टाळ. म्हणाला, "अण्णा, मी कीर्तन शिकलो. हेच करणार."

गावाला हसायला विषय मिळाला. वकील मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते बोलायचेच बंद झाले. जेवायला बसले की पान पुढे ओढायचे, चार घास खायचे आणि उठायचे. मुलगा समोर आला की भिंतीकडे बघायचे. आणि वाचनघराला कुलूप लागलं. बाजाराच्या दिवशी गल्लीत बाज नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. काकूंचे डोळे सुजलेले असायचे. खरात सर समजूत काढायला गेले, तर त्यांनाही, "तब्येत बरी न्हाई," एवढंच उत्तर.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. मी वर्गात वह्या तपासत होते. ते पोरांच्या बाकावर अवघडून बसले, गुडघे पार वर आलेले.

"बाई, मला एक पुस्तक सांगा."

मला काही कळेना. पुस्तकं सांगायचं काम त्यांचं.

"तुम्ही बापाच्या मनाविरुद्ध वागल्यात," ते म्हणाले. "त्या वर्षी तुमच्या बापाला कोणतं पुस्तक दिलं असतं, तर बरं झालं असतं? मी माझी सगळी उलथीपालथी केली. दुसऱ्याच्या लेकराला काय सांगायचं ते सगळं आहे त्यांच्यात. स्वतःच्या लेकरापुढं बसलं की अक्षर दिसत न्हाई."

मी विचार करून खरं ते सांगितलं. "वकीलसाहेब, माझ्या वडिलांना पुस्तकाचा काही उपयोग झाला नसता. त्यांनी एकदा शाळेत येऊन, मागच्या बाकावर बसून मला शिकवताना बघितलं असतं ना, तर बरं झालं असतं. त्यांना वाटत होतं मी त्यांना सोडतेय. मी कशाला धरून बसलेय, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं."

घंटा झाली, पोरं आत आली, आणि ते पोरांच्या गर्दीतून वाट काढत निघून गेले.

त्या आठवड्यात घनसावंगीला सप्ताहाचा शेवट होता. सकाळचं काल्याचं कीर्तन दिनकरचं होतं. मी घरच्यांबरोबर मांडवात बसले होते. दिनकर उभा राहिला. घरात मान खाली घालून वावरणारा तो पोरगा वीणेकऱ्यापुढे असा काही उभा होता, की मला ओळख पटायला क्षणभर लागला. आवाज मोकळा, खडा. हसवता हसवता त्याने बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. मधेच तो अडखळला. त्याची नजर मांडवाच्या मागच्या खांबाकडे गेली होती. मी वळून बघितलं. खांबाला टेकून, काळ्या कोटात, वकील उभे होते. लोक बसायला जागा करून देत होते, ते मानेनेच नको म्हणत होते. दिनकरने घसा साफ केला आणि पुढचा अभंग उचलला. टाळांच्या आवाजात मला वकिलांचा चेहरा दिसत राहिला. त्यांनी हात जोडले नाहीत, मानही डोलावली नाही. पण कीर्तन संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

नंतर दिनकर गर्दीतून त्यांच्याकडे आला.

"दुसऱ्या चरणाचा अर्थ चुकीचा लावलास," वकील म्हणाले.

"मंग कसा लावायचा, अण्णा?"

"घरी चल. सांगतो." आणि चार पावलं चालल्यावर, पुढे बघतच, "आवाज चांगला आहे तुझा. मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वाचनघराचं कुलूप निघालं.

पुढे माझी बदली झाली, मग आम्ही जालन्याला घर केलं. जाणं-येणं कमी झालं. दोन हजार सालानंतर कधीतरी कापसाची ती सरकारी सक्ती उठली. मी आनंदाने वकिलांना पत्र लिहिलं, तर उत्तरात दोनच वाक्यं. 'आता व्यापारी वजनात मारून राह्यलेत. त्याच्यावर वाचायला काही मिळालं तर कळवा.' अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. दृष्टी जात चालली आहे, असं खरात सरांकडून कळलं.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना शेवटचं भेटले. शाळेतल्या एका कार्यक्रमाला गेले होते, परतीच्या जीपला थोडा वेळ होता. घरी गेले तर ओसरीवर बाज, बाजेवर वकील, डोळे मिटलेले, अंगावर पातळ चादर. शेजारी खुर्चीवर दिनकर, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि हातात देव-धर्माची गरज नाही असं सांगणारं एक जुनं पुस्तक. तो ते वडिलांना वाचून दाखवत होता, कीर्तनातल्या त्याच मोकळ्या आवाजात. काकूंनी मला खुणेनं बसवलं आणि कानाशी हसत सांगितलं, "रोज दोन घंटे. ह्याला त्यातलं काई पटत न्हाई, अन् आवाज मात्र बघा कसा लावतो."

मी वकिलांचा हात हातात घेतला. त्यांनी नाव न विचारता ओळखलं. "बाई का? बसायचं का जरा? दिनकर चांगलं वाचून राह्यला." दिनकर मला नमस्कार करून पुन्हा वाचायला लागला. बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला, तशी मी उठले. चपला घालत होते, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"थांब. ते मागचं वाक्य परत वाच."

दिनकरने वाचलं.

"न्हाई. हे चूक आहे."

"अण्णा, मी छापलंय तसंच वाचून राह्यलो."

"छापलंय म्हणून काय झालं?" वकील उशीवरून मान उचलत म्हणाले. "मला उठून बसव जरा. आता हे बघ…"

जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मी गल्लीतून निघाले. मागे दोघांचे आवाज चढत होते, आणि काकू त्यांना चहा विचारत होत्या.